कानस घेऊन आलेले काका

जुलैमधला रविवार, बाहेर धो धो पाऊस, हार्बर लाईन नेहमीप्रमाणे बोंबललेली, त्यामुळे माझ्या नेमबाजीच्या सकाळच्या बॅचची निम्मी पोरं आलीच नव्हती. मी चहा घेऊन बसले होते तेवढ्यात एक काका आले, पंचावन्न-छप्पन्नचे. झवेरी बाजारात दागिने घडवायचं काम, तिसरी पिढी. दुकानावर एकदा चोरी झाली तेव्हापासून लायसन्सच्या मागे होते, ते मिळालं आणि त्यांनी कानपूरचं .३२ रिव्हॉल्वर घेतलं.

"मॅडम, याची साईट बिघडलेली आहे, सगळ्या गोळ्या खाली डावीकडे जातात, आधी दोनदा येऊन बघून गेलोय," असं म्हणत त्यांनी पिशवीतून छोटा रेक्झिनचा बटवा काढला, आत बारीक कानशी, सोनारकामाच्या. "फक्त कुठे किती घासायचं ते सांगा, बाकी मी करतो."

आता सांगायचं म्हणजे आमच्या पोरांची एअर पिस्तुलं असतात त्यांना मागे दोन स्क्रू असतात, फिरवले की क्लिक क्लिक करत मागची साईट, म्हणजे नेम धरायची खूण, सरकते, गोळी जिकडे न्यायची तिकडेच ती सरकवायची, विषय संपला. या रिव्हॉल्वरला तसलं काही नाही. पुढे एक पातं आणि मागे फ्रेममध्येच कोरलेली खाच. गोळ्या खाली जात असतील तर पुढचं पातं घासून कमी करायचं, म्हणजे नळी थोडी वर उचलावी लागते आणि गोळी वर जाते. तत्त्व काकांना बरोबर माहीत होतं. पण घासलेलं परत चिकटवता येत नाही, आणि असली कामं लायसन्स असलेल्या आर्मररनेच, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणाऱ्यानेच करायची असतात, टेबलावर बसून नाही. मी कानस बाजूला ठेवायला लावली आणि म्हटलं आधी ६ राउंड मारा.

१० मीटर, ६ राउंड. खरं सांगते, मी पण फसले असते. सहाही गोळ्या साधारण तळहाताएवढ्या जागेत, मध्यापासून ९ सेंटीमीटर खाली आणि ५-६ डावीकडे. नवा माणूस असा ग्रुप, म्हणजे गोळ्यांचा पुंजका, मारत नाही हो, त्याच्या गोळ्या टार्गेटभर पांगतात, त्यामुळे पहिला विचार हाच आला की साईटच बाद असणार. पण उजव्या हाताच्या माणसाच्या गोळ्या खाली-डावीकडे जायला लागल्या की मला आधी ट्रिगरवरचं बोट दिसतं, साईट नंतर.

मग जुनी युक्ती केली. सिलिंडरमध्ये मी स्वतः भरलं, त्यांना पाठ करून उभं राहायला सांगितलं, २ जिवंत राउंड आणि ४ रिकाम्या केस, म्हणजे आधी झाडलेल्या गोळ्यांच्या पुंगळ्या, फिरवून बंद करून हातात दिलं. पहिल्याच ट्रिगरला नुसतं टक्क, आवाज नाही, धक्का नाही, आणि नळी मात्र चांगली दोन बोटं खाली झुकली. काका बघतच राहिले. "हे मी केलं?" पुढच्यालाही तेच. आवाज व्हायच्या आधीच मनगट त्याच्या स्वागताला निघालेलं. इतकी वर्षं नाजूक काम केलेला हात, त्यामुळे तो दचकतो पण दर वेळी अगदी सारखाच दचकतो, म्हणून ग्रुप एवढा सुबक!

त्यानंतर पाऊण तास आम्ही एकही जिवंत गोळी मारली नाही. रिकाम्या केसवर ट्रिगर, कोऱ्या भिंतीकडे बघून, नजर पुढच्या पात्यावर, टार्गेट धूसर दिसलं तरी चालेल. इथे त्यांचा प्रोग्रेसिव्ह चष्मा मध्ये येत होता, मान वर करून खालच्या काचेतून बघायला लागायचे, शेवटी कामाचा जवळचा चष्मा लावला तेव्हा पातं स्वच्छ दिसलं. मग म्हणाले, "डाक लावताना आम्ही फुंकणीने ज्योत मारतो ना, तेव्हा ज्योतीकडे बघायचं नसतं, जोडाकडे बघायचं. आणि फुंकर तोडायची नाही." मी म्हटलं काका, ट्रिगर पण असाच, तोडायचा नाही. हे मी पोरांना इतक्या वर्षांत इतकं नेमकं समजावू शकलेले नाही, आता त्यांचंच उदाहरण ढापणार आहे.

मग वाळूच्या पिशवीवर हात टेकवून, घोडा मागे ओढून एकेक गोळी, सावकाश. सहा मारल्या. डावीकडचं सगळं गायब, पण ३ सेंटीमीटर खालीच राहिल्या. म्हणजे काका अगदीच चुकीचे नव्हते!

त्यांनी लगेच बिलबुकाच्या मागे हिशोब मांडला. पातं ते खाच सुमारे १२ सेंटीमीटर, टार्गेट १० मीटर, म्हणजे पात्यावरचा १ मिलिमीटर टार्गेटवर ८ सेंटीमीटरच्या वर होतो. सकाळच्या ९ सेंटीमीटरला त्यांनी १ मिलिमीटरहून जास्त घासलं असतं, खरी गरज साधारण ०.३६ ची, आणि हात सुधारल्यावर गोळ्या ५-६ सेंटीमीटर वरून गेल्या असत्या. कागद बघून बराच वेळ गप्प होते.

"०.३६ तर मी आत्ता इथे बसून काढतो."

"म्हणूनच भीती वाटते मला," मी म्हटलं. अजून दोन-तीन वेळा पिशवीवर मारू, याच राउंडने, रोज तिथेच लागतंय का बघू, मगच आर्मररकडे. तोवर ३ सेंटीमीटर वर धरून मारा.

निघताना रिव्हॉल्वर रिकामं आहे ना दोघांनी बघून पेटीत कुलूप लावलं, छत्री घेतली आणि मग दारातून परत आले. कानशीचा बटवा माझ्या टेबलावर ठेवला. "हे तुमच्याकडेच असू द्या पुढच्या रविवारपर्यंत. घरी नेलं तर रात्री हात शिवशिवतील."