येवला: आधी गाव, मग पैठणी

येवल्याला जायचे म्हटले की बहुतेक जण गाडी थेट पैठणीच्या दुकानासमोर उभी करतात, तास-दोन तास साड्या पाहतात, पसंत पडली तर घेतात आणि आल्या वाटेने परत फिरतात. मीही याआधी दोन वेळा अशीच जाऊन आले होते. गेल्या महिन्यात मात्र आम्ही चौघी मैत्रिणींनी निघण्यापूर्वीच ठरवून टाकले की, दुपारचे जेवण होईपर्यंत एकाही दुकानाची पायरी चढायची नाही.

नाशिकहून येवला साधारण ८० किलोमीटर आहे. निफाड, विंचूर मागे टाकून आम्ही नऊच्या सुमारास गावात पोहोचलो आणि पहिल्यांदा मुक्तिभूमीवर गेलो. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच गावी भरलेल्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, आपण हिंदू म्हणून जन्मलो असलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा केली. आम्ही नाशिककर असल्यामुळे या घोषणेची आधीची बाजू आमच्या घराजवळची आहे. काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठीचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला, तो वर्षानुवर्षे चालला आणि तरीही दार उघडले नाही. त्या बंद दारापासून निघालेला रस्ता येवल्यावरून पुढे १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरपर्यंत जातो. आज सकाळी आपण घरून निघालो आणि जेमतेम दोन तासांत त्या रस्त्याचा एक टप्पा पार करून आलो, ही जाणीव आम्हा चौघींनाही झाली असावी, कारण तिथे बराच वेळ कोणीच काही बोलले नाही.

आमच्यातली एक जण इतिहासाची शिक्षिका आहे. जुन्या गावातून चालताना तिने तात्या टोपे यांचा विषय काढला. रामचंद्र पांडुरंग टोपे यांचा जन्म येवल्यातला, १८१४ मधला. वडील दुसऱ्या बाजीरावांच्या पदरी होते आणि पेशवाई बुडाल्यावर बाजीराव ब्रह्मावर्तास, म्हणजे कानपूरजवळच्या बिठूरला गेले, तेव्हा हे कुटुंबही त्यांच्यामागे गेले. १८५७ च्या लढ्यात इंग्रजी फौजांना महिनोन्महिने हुलकावण्या देणारा हा सेनानी १८ एप्रिल १८५९ रोजी शिप्री (आजचे शिवपुरी) येथे फासावर गेला. गावाचे नाव काढले की आपल्याला फक्त मोराचा पदर आठवतो, याचे मला त्या गल्लीत मनापासून वाईट वाटले.

जेवण झाल्यावरही आम्ही आधी दुकानात न जाता एका विणकराच्या घरी गेलो. पैठणीचे नाव पैठणचे असले तरी आज तिचे माग सर्वाधिक वाजतात ते येवल्यात, आणि ते घरोघरी वाजतात. पुढच्या खोलीत माग होता, त्यावर दादा बसले होते. आतल्या बाजूला ताई कांड्या, म्हणजे धागा गुंडाळायच्या नळ्या, भरत होत्या. मागावर गर्द जांभळ्या अंगाची साडी होती आणि पदर भरणे चालू होते. साडीचे अंग विणताना आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडे सरसर जातो, परंतु पदरावर ते चालत नाही. तिथे प्रत्येक रंगाची स्वतंत्र छोटी तिल्ली असते. ताण्याचे, म्हणजे उभे, मोजके धागे बोटांनी उचलायचे, त्यांतून तिल्ली काढायची, शेजारच्या रंगाच्या धाग्यात ती अडकवायची आणि मग पुढचा रंग घ्यायचा. दोन रंग जिथे भेटतात तिथे ते असे एकमेकांत गुंतत जातात, म्हणून मागच्या बाजूला लोंबणारे धागे राहत नाहीत आणि मोर दोन्हीकडून सारखाच दिसतो.

“ताई, पैठणी दाखवली की आधी उलटी करून बघायची,” दादा म्हणाले. हे वाक्य मला फार उशिरा ऐकायला मिळाले. काही वर्षांपूर्वी एका दुकानातून मी हातमागाची म्हणून घेतलेली साडी घरी उलटून पाहिली, तेव्हा प्रत्येक बुट्टीमागे कापलेल्या धाग्यांचा पुंजका होता. ती यंत्रमागावरची होती. सिल्क मार्कची चिठ्ठी रेशीम शुद्ध असल्याचे सांगते, साडी हाताने विणल्याचे सांगत नाही, हेही मला त्यानंतर समजले. त्यासाठी हातमागाची खूण वेगळी पाहावी लागते.

एकधोटी आणि कडियाल या पैठणीच्या दोन प्रकारांतला फरकही दादांनी मागावरच समजावला. एकधोटीत एकच धोटा काठापासून काठापर्यंत जातो, त्यामुळे अंगाच्या बाण्याचा, म्हणजे आडव्या धाग्यांचा, रंग काठातही उतरतो. ताणा आणि बाणा वेगळ्या रंगांचे असले की कापडावर धूपछाव दिसते. कडियालमध्ये काठांना त्यांचे स्वतःचे धोटे असतात, काठाचा ताणा-बाणा एकाच रंगाचा असतो आणि तो अंगापासून स्वच्छ वेगळा उठतो. माझे मत विचाराल तर एकधोटीची ती हलती छटा मला अधिक आवडते.

दुकानात मग फार वेळ लागला नाही. एकीने लेकीच्या लग्नासाठी असावलीची वेल असलेली लाल पैठणी घेतली, दुसरीने दुपट्टा घेतला. मी हिरव्या मुनियांच्या, म्हणजे छोट्या पोपटांच्या, काठाचे ब्लाऊजपीस घेतले. मुनियाची चोच लाल होती, आणि ते कापड हाती येताच आम्ही चौघींनी ते प्रथम उलटून पाहिले. आमच्या शिक्षिका मैत्रिणीने काहीच घेतले नाही. जो पदर आपण मागावर पाहिला तसाच हवा, असे तिने सांगितले आणि दादांकडे त्याच जांभळ्या रंगाची साडी विणायला सांगण्यासाठी ती आम्हाला पुन्हा त्यांच्या घरी घेऊन गेली.

सहा वाजत आले होते. दुपारी आम्ही निघालो तेव्हा पदरावरच्या मोराचा पिसारा संपून मान सुरू झाली होती. आता त्या मानेची बोटभर उंची वाढली होती, आणि दादा पुढच्या निळ्या धाग्याची तिल्ली शोधत होते.