गोव्यात पैसे खातात ते किलोमीटर

म्हापशात संसार थाटून मला सतरा वर्षे झाली. दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडे डोकावून न गेलेला नातेवाईक आता विरळाच, आणि त्यांपैकी बहुतेकांचा खर्चाचा हिशेब मी निघायच्या दिवशी चहा पिताना ऐकलेला आहे. तक्रार सहसा खोलीच्या भाड्याची असते. परंतु आकडे कागदावर मांडले की टॅक्सीचा आकडा त्याच्या बरोबरीने उभा राहिलेला दिसतो.

गेल्या वर्षी धाकटी बहीण, तिचे यजमान, सासूबाई आणि दोन मुले ठाण्याहून येणार होती. तिने आखलेल्या बेतात खोली कळंगुटला, रेल्वेचे तिकीट मडगावपर्यंतचे, एक दिवस पाळोळे, एक दिवस दूधसागर आणि उरलेल्या दिवसात मंगेशी व जुने गोवे अशी धावपळ होती. गोवा नकाशावर तळहाताएवढा दिसत असला तरी उत्तरेच्या हरमलपासून दक्षिणेच्या पाळोळ्यापर्यंतचे अंतर शंभर किलोमीटरच्या घरात जाते, आणि लांबच्या टॅक्सीचे परतीचे रिकामे भाडेही बहुधा आपल्याच माथी येते. मडगाव स्थानकावरून कळंगुट गाठायचे तर ४५ ते ५० किलोमीटर पडतात. उत्तर गोव्यात राहणाऱ्याने थिवीला उतरावे, पणजी वा जुन्या गोव्याकडे जाणाऱ्याने करमळीला, आणि मडगाव दक्षिणेत राहणाऱ्यांसाठी ठेवावे, एवढे तिला पटवायला मला दोन फोन करावे लागले.

तिकिटे रात्रीच्या कोकणकन्येची काढली, त्यामुळे एका रात्रीचे खोलीभाडे आपोआप वाचले. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडते, त्यामुळे सुट्टीच्या तारखांसाठी त्याच सकाळी बसावे लागते. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना स्वतंत्र बर्थ नको असेल तर अर्धे भाडे पडते. मात्र रात्रीच्या प्रवासात ही बचत आईच्या पाठीवर येते, म्हणून मी ती सुचवली नाही.

पाळोळे आणि दूधसागर मी सरळ वगळायला लावले. त्याऐवजी म्हापसा ते पणजी कदंबची, म्हणजे गोव्याच्या सरकारी परिवहन महामंडळाची, विनाथांबा शटल बस, तिथून दुसऱ्या बसने जुने गोवे आणि पुढे मंगेशी असा एक दिवस गेला. बसला गर्दी असते आणि संध्याकाळ उलटली की आतल्या गावांकडच्या फेऱ्या विरळ होतात, त्यामुळे वयस्कर माणूस सोबत असेल तर परतीचा एखादा टप्पा टॅक्सीने करण्यात कमीपणा मानू नये. ज्यांचे कुलदैवत फोंडा तालुक्यात आहे त्यांनी देवस्थानच्या अग्रशाळेत, म्हणजे भाविकांच्या निवासात, राहण्याची सोय आधी विचारावी; तिथले नियम देवळाचे असतात, हॉटेलचे नव्हे, हे मात्र ध्यानात ठेवावे.

मेहुण्यांनी दोन दिवस स्कूटर घेतली. भाड्याच्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरे पिवळी असतात; पांढऱ्या पाटीची खासगी गाडी स्वस्तात मिळाली तरी पोलिसांनी अडवले की दंड भरण्यात ती बचत जाते.

मांडवीतील संध्याकाळच्या क्रूझचा हट्ट मुलांनी धरला होता. मी त्यांना पणजीहून बेतीला जाणाऱ्या फेरीबोटीत बसवले, जिथे पायी प्रवाशाला तिकीटच नाही. आम्ही पलीकडे जाऊन, चहा पिऊन, सूर्य बुडताना परत आलो. धाकट्याने दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच बोट मागितली.

जेवणावर काटकसर करायची गरज मला कधी वाटलेली नाही. किनाऱ्यापासून थोडे आत, बाजारातल्या खाणावळीत हुमण (माशांची आमटी), किसमूर (सुक्या मासळीची कोशिंबीर), तळलेला बांगडा आणि सोलकढी असलेले ताट पोटभर मिळते. ज्या फलकावर इसवण (सुरमई) किंवा पापलेटपुढे ‘आकारानुसार’ असे लिहिलेले असते, तिथे तुकडा तव्यावर पडण्याआधी भाव विचारून घ्यावा.

परतीचा दिवस मी मुद्दाम शुक्रवार धरला होता, कारण म्हापशाचा आठवड्याचा बाजार त्या दिवशी भरतो. काजू, आमसुले आणि मयडे गावची केळी घेता घेता बहिणीच्या पिशव्या इतक्या जड झाल्या की थिवीला जाताना बसचा विषयही कोणी काढला नाही. टॅक्सी बोलवावी लागली.