ताई, पाणी हाय का?

गेल्या गळिताला पंढरपूरजवळच्या आमच्या सहा एकरांत उसाची तोड लागली, तेव्हा पहाटेच बांधावर गेले होते. बीडकडची टोळी. नवरा-बायको मिळून एक कोयता. बाई वाढं, म्हणजे उसाचे शेंडे, बाजूला टाकून मोळी बांधायची आणि ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढायची. फळी दवानं निसरडी झालेली. मला एवढंच म्हणाली, "ताई, पाणी हाय का?" मी घरून कळशी आणून दिली.

याच उसावरून २०१९ मध्ये ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी जागतिक व्यापार संघटनेत भारताविरुद्ध दावा लावला. डिसेंबर २०२१ मध्ये निकाल विरोधात गेला. २०१४-१५ ते २०१८-१९ या हंगामांत उसाला दिलेला आधार उत्पादनाच्या किमतीच्या १० टक्क्यांच्या मर्यादेपलीकडे गेला, असं पॅनेलनं ठरवलं. एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान भाव, सरकार देत नाही, कारखाने देतात, हे आपलं म्हणणं त्यांनी मानलं नाही. भारतानं अपील केलं, पण अपील ऐकणारं मंडळच डिसेंबर २०१९ पासून ठप्प आहे. तिथंच घोडं पेंड खातंय.

२०१८-१९ ला १० टक्के उताऱ्याला (शंभर किलो उसातून दहा किलो साखर) एफआरपी टनाला २७५० रुपये होती. ऊस गेल्यावर १४ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, असा नियम आहे. आम्हाला ते तीन हप्त्यांत मिळाले, शेवटचा ऐन उन्हाळ्यात. तोवर अण्णांनी सोसायटीचं कर्ज नवंजुनं करून घेतलं. हा भाव नसता तर तेवढंही हाती लागलं नसतं. त्याला अनुदान म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

त्याच दाव्यातली साखरेच्या निर्यात अनुदानाबद्दलची तक्रार मात्र मला पटते. ग्वाटेमालातही ऊस माणसंच तोडतात. मध्य अमेरिकेतल्या उसाच्या फडांत उन्हात राबून कित्येक तरण्या मजुरांची मूत्रपिंडं निकामी झाली आहेत. आपली साखर तिथला भाव पाडणार असेल, तर त्याची झळ आधी त्यांनाच बसणार.

व्यापाराच्या नियमांत एक 'ग्रीन बॉक्स' आहे. पर्यावरणाच्या सरकारी योजनेत भाग घेतल्यामुळे शेतकऱ्याला जो जादा खर्च किंवा तोटा होतो, तेवढा भरून द्यायला त्यात मुभा आहे. आमच्या दोन एकरांवर ठिबक आहे, बाकी चार अजून उजनीच्या पाटपाण्यावर. ऊस कमी करून तूर-हरभरा घ्यायचा तर पहिली काही वर्षं हातात कमीच येणार. तो फरक सरकारनं या वाटेनं द्यावा, हे मी ग्रामसभेत दोनदा मांडलंय. तोडणी मजुरांच्या पाण्याचं मात्र या नियमांत कुठंच काही नाही.

यंदा तोड लागायच्या आधी फडाच्या तोंडाशी पाण्याची टाकी बसवतेय. अण्णांनी नळ आणून ठेवलाय.