दिवाळखोराचा केमिस्ट मित्र

ॲम्स्टरडॅमचा नोव्हेंबरातला पाऊस आपल्यासारखा कोसळून मोकळा होत नाही, दिवसभर नुसती किरकिर. अशाच एका शनिवारी भिजून वैतागले आणि सतराव्या शतकातला डच चित्रकार रेम्ब्रांट, त्याच्या जुन्या घरात शिरले.

तिथे एचिंग कसं करतात ते दाखवतात. तांब्याच्या पत्र्यावर मेणासारखा थर द्यायचा, त्यावर सुईनं चित्र काढायचं आणि पत्रा आम्लात सोडायचा. जिथे थर खरवडला तिथलं तांबं आम्ल खातं. मग खाचांत शाई भरून वरची पुसायची आणि ओलसर कागदावर पत्रा दाबायचा. चित्र उमटतं ते उलटं.

हे पाहिल्यावर रेम्ब्रांटच्या एका एचिंगमधला अब्राहम फ्रान्सेन मला नीट दिसला. हा औषधविक्या, म्हणजे आपल्या भाषेत केमिस्ट. रेम्ब्रांटचा मित्र आणि चित्रांचा शौकीन. रेम्ब्रांटनं 1657च्या सुमारास त्याचं हे आडवं व्यक्तिचित्र केलं. जेमतेम 16 बाय 21 सेंटिमीटर! खिडकीपाशी बसून फ्रान्सेन हातातला कागद उजेडाकडे धरून बघतोय. टेबलावर कवटी आणि एक छोटी पौर्वात्य मूर्ती, मागे भिंतीवर ख्रिस्ताच्या क्रूसाचं चित्र. आपल्याकडे त्याचं लक्षच नाही, आणि मला तेच आवडलं. बाकीचे श्रीमंत डच लोक चित्रातून आपल्याकडे वसुलीला आल्यासारखे बघतात.

या पत्र्यावर पुन्हापुन्हा काम झालं. सुरुवातीच्या छापांत खिडकीला पडदा आहे. पुढे तो गेला आणि बाहेरची झाडं दिसू लागली.

वेळ मात्र वाईट होती. 1656मध्ये रेम्ब्रांटचं दिवाळं निघालं. संग्रहातली चित्रं, मूर्ती, सगळं लिलावात गेलं. 1639मध्ये 13,000 गिल्डरना घेतलेलं हेच घर 1658मध्ये सुमारे 11,000ला विकलं गेलं. त्या काळातल्या त्याच्या कागदपत्रांत फ्रान्सेनचं नाव येतं. अडचणीच्या कागदावर सही करायला कोण येतं, हे घरात कर्ज पाहिलेल्यांना सांगायला नको.

फोटो बाबांना व्हॉट्सॲपवर पाठवला, खाली लिहिलं, "हा केमिस्ट होता." तीस वर्षं औषधांचं दुकान चालवलेल्या माणसाचं उत्तर लगेच आलं:

"मग दुकानावर कोण बसलंय?"