गंगाखेडचा घाट आणि तळाला चिकटवलेली पट्टी

सरांचा दहावा गंगाखेडला होता. देवगिरीनं सकाळी परभणीला उतरायचं आणि तिथून परळीच्या अंगाला तासाभर. प्रवासाबद्दल सांगण्यासारखं इतकंच, की साइड लोअरवर झोप लागत नाही आणि स्टेशनबाहेर सुशीला झकास मिळाला. (भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा, वर शेंगदाण्याचा कूट घातलेला नाष्टा. पुण्या-मुंबईवाल्यांना अजून हा का सापडला नाही, कोण जाणे.)

सर म्हणजे शाळेत सायन्स शिकवून रिटायर झालेले मास्तर. जुन्या संगणकांचा नाद असलेल्या आम्हा वीस-पंचवीस जणांत "चालूच होईना" म्हणून फोन करावा असा हा एकच माणूस होता. १९८४-८५ साली केंद्राच्या 'क्लास' योजनेत देशातल्या सुमारे अडीचशे शाळांना बीबीसी मायक्रो हे संगणक मिळाले. पुढं तेच यंत्र मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सनं मूळच्या ब्रिटिश कंपनीच्या, एकॉर्नच्या परवान्यानं 'युनिकॉर्न' नावानं काढलं. ३२ केबी रॅम, २ मेगाहर्ट्झचा ६५०२ प्रोसेसर. नंतर पीसी आले आणि शाळांनी हे मायक्रो अडगळीत टाकले. सरांनी ते जिथून मिळतील तिथून, कधी लिलावात तर कधी भंगाराच्या काट्यावर वजन करून, घरी आणले.

गंगाखेड जनाबाईचं गाव. एप्रिलात गोदावरी पात्राच्या एका कडेला सरकलेली असते. नऊ वाजताच घाटाच्या पायऱ्या तापल्या होत्या. पिंड ठेवला, माणसं मागं सरली, कावळा काही येईना. रीतीप्रमाणं एकेकानं शब्द द्यायला सुरुवात केली. मुलगा म्हणाला, आईला अंतर देणार नाही. पुतण्या म्हणाला, शेत पडीक ठेवणार नाही. लातूरहून आलेला आमच्यातला एकजण हात जोडून म्हणाला, "सर, एकबी मशीन भंगारात जाऊ देणार नाही." तरी कावळा नाहीच. शेवटी गुरुजींनी सगळ्यांना वरच्या पायरीवर जायला सांगितलं आणि दोन मिनिटांत आला. गर्दी हटली, एवढंच. सरांनीही हेच निदान केलं असतं.

जेवणं आटोपून दुपारी परभणीला त्यांच्या घरी आलो. जुनं माळवदाचं घर, हातभर जाडीच्या भिंती. बाहेर बेचाळीस अंश असताना आतल्या खोलीत पंख्यावर बसवतं. जुनी यंत्रं ठेवायला मराठवाड्याइतकी बरी हवा महाराष्ट्रात दुसरीकडं नाही. कोकणात फ्लॉपीवर बुरशी धरते आणि चिपांचे पाय हिरवे पडतात, इथं वैरी फक्त धूळ आणि ऊन. माळवदातून माती मात्र बारा महिने झरते. म्हणून सरांनी प्रत्येक यंत्रावर काकूंच्या जुन्या सुती लुगड्याचा तुकडा टाकलेला. प्लॅस्टिकच्या पिशवीत यंत्र कोंडलं की पावसाळ्यात आत घाम धरतो, सुती कापड माती अडवतं आणि हवा जाऊ देतं.

या प्रवासात लिहिण्यासारखं जे घडलं ते या खोलीत, पंधरा मिनिटांत.

बसलेल्यांत सरांची आठवण निघाली. पुतण्याला वाटलं, काकांचं एखादं मशीन सगळ्यांना चालू करून दाखवावं. हेतू चांगलाच होता. त्यानं पुढचं बीबीसी मायक्रो उचललं, थ्री-पिन प्लग बोर्डात घातला आणि खटका दाबला. आम्ही चौघं जाणते तिथंच बसलेलो. एकानंही "थांब" म्हटलं नाही, दहाव्याच्या घरात पोराला कोण टोकणार? यंत्रानं "बूऽप-बीप" केलं, सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकदम हसू आलं, काकूंच्यासुद्धा. टीव्ही कुणी जोडलाच नव्हता, नुसता आवाज. मिनिटभरानं डाव्या बाजूच्या जाळीतून पांढरा धूर निघाला. आधी बारीक, मग भसाभसा. वास असा की घशाला चिकटून बसतो. काकू फोटोपुढचा दिवा बघायला धावल्या, त्यांना वाटलं हाराला वात लागली.

ते काय होतं ते सांगतो, कारण अशी यंत्रं ज्यांच्या घरी आहेत त्या प्रत्येकाला हा धूर कधी ना कधी भेटणार आहे. पॉवर सप्लायमध्ये मेन्सच्या, म्हणजे भिंतीतून येणाऱ्या विजेच्या, दोन तारांच्या मध्ये गाळणीसारखे दोन कपॅसिटर असतात, एक ०.१ मायक्रोफॅरडचा आणि एक ०.०१ चा. त्या काळी ते धातूचा मुलामा दिलेल्या कागदाचे असत, वर पिवळट पारदर्शक कवच. पस्तीस-चाळीस वर्षांत कवचाला केसाएवढ्या भेगा पडतात, त्यातून दमट हवा आत शिरते, कागद ओल धरतो. मग २३० व्होल्ट मिळाले की कपॅसिटर आतून तापून फुटतो. गंमत म्हणजे यंत्र बंद पडत नाही, कारण हे कपॅसिटर फक्त विजेतला गोंगाट गाळायला असतात. म्हणून माणूस फसतो: चालू तर आहे की!

धूर दिसला की आधी भिंतीवरचा खटका बंद, मग प्लग ओढायचा. पाणी मारायचं नाही. खिडक्या उघडून सगळ्यांना बाहेर काढायचं. यंत्र लगेच उघडायचं नाही, कारण सप्लायमधल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्ट डीसी साठलेले असतात. दहा-पंधरा मिनिटं थांबून मल्टिमीटरनं मोजायचं. शिल्लक असतील तर १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर चिमट्यानं लावून उतरवायचं. स्क्रूड्रायव्हरनं ठिणगी काढणारे बहाद्दर मी पाहिलेत, त्यांच्या स्क्रूड्रायव्हरची टोकंही पाहिलीत. बदली म्हणून पॉलिप्रॉपिलीनचे एक्स-टू दर्जाचे (मेन्सवर लावायलाच बनवलेले) घ्यायचे, त्याच मायक्रोफॅरडचे, २७५ व्होल्ट एसीचे किंवा त्याहून वरचे. आपल्याकडं रात्री भार उतरला की घरात अडीचशे व्होल्ट सहज येतात. पायांमधलं अंतर जुळत नसेल तर पाय वाकवून बसवावे, पण वर इन्सुलेशनची बाही चढवून. मेन्सच्या बाजूला उघडी तार ठेवायची नाही. फुटलेल्या कपॅसिटरचा चिकट तपकिरी थर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशनं निघतो. तो तसाच ठेवला तर ओल धरत राहतो.

धूर विरल्यावर यंत्र उलटं केलं. तळाला मास्किंग टेपची पट्टी, तिच्यावर सरांचं टपोरं अक्षर: "सप्लायचे दोन कपॅ. बदलायचे राहिलेत. लावू नये."

खोलीतलं प्रत्येक यंत्र मग उलटं करून पाहिलं. प्रत्येकाच्या तळाला पट्टी. कशाची बॅटरी काढली, कशाचा रॉम उलट्या पायांनी बसवला होता, कशाला हात लावू नये, सगळं लिहिलेलं. इतका काटेकोर माणूस, आणि पट्टी तळाला! ज्याला ती वाचायची गरज आहे तो यंत्र उलटं करतच नाही. सरांबद्दल तक्रार म्हणून एवढीच. चिठ्ठी प्लगला बांधा, दोऱ्यानं, पिनांच्या आड येईल अशी. हे लिहितोय खरं, पण माझ्या स्वतःच्या कपाटातल्या एकाही यंत्रावर कसलीच चिठ्ठी नाही.

कोपऱ्यात त्यांचा सिरीज बोर्ड होता. टीव्ही मेकॅनिककडं असतो तोच: लाकडी फळी, एक होल्डर, एक सॉकेट, बल्ब सॉकेटच्या ओळीत जोडलेला. १०० वॅटचा तारेचा बल्ब. यंत्र लावलं की बल्ब क्षणभर लखकन पेटून मंद झाला तर ठीक, पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे. एलईडी बल्ब इथं चालत नाही, तारच हवी, कारण गरम झालेली तारच करंट आवरते. असे बल्ब आता दुकानात मुश्किलीनं मिळतात. सरांनी आठ-दहा वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवले होते. नांदेडचा मित्र म्हणाला, हा बोर्ड वापरला असता तर धूर झाला नसता. झालाच असता. फुटायच्या क्षणापर्यंत तो कपॅसिटर शहाण्यासारखा वागतो, बल्ब मंदच राहतो. बोर्डानं आग थोपवली असती, वास नाही. त्याला उपाय एकच, लावण्याआधी उघडून बघणं.

स्पेक्ट्रम, म्हणजे सिंक्लेअरचे छोटे घरगुती संगणक, त्यांनी भिंतीतल्या फडताळात ठेवलेले, त्यातले दोन पुण्याच्या कंपनीनं परवान्यावर काढलेले डीबी स्पेक्ट्रम प्लस. स्पेक्ट्रमचा घात अ‍ॅडॉप्टरनं होतो. त्याला ९ व्होल्ट लागतात, पण पिनेच्या आतलं टोक उणे आणि बाहेरचं अधिक. बाजारातले बहुतेक अ‍ॅडॉप्टर बरोबर उलटे. बसतो म्हणून लावला की संपलं. आधी मीटर लावून बघायचं. मग झाकण काढून खालच्या १६ केबीच्या आठ ४११६ रॅम चिपांपैकी एकीवर व्होल्ट मोजायचे: मीटरची काळी सुई १६ नंबरच्या पायावर धरून १ वर उणे ५, ८ वर १२, ९ वर ५. उणे ५ नसेल तर तत्काळ बंद, नाहीतर चिपा एकेक करून भाजतात. बहुतेक वेळा टीआर-४ हा ट्रान्झिस्टर गेलेला असतो, आणि तो जातो कारण कुणीतरी चालू यंत्राच्या मागच्या खाचेत काहीतरी खुपसलेलं किंवा उपसलेलं असतं. नवा ट्रान्झिस्टर टाकून तिन्ही व्होल्टेज आले, की मगच पडद्यावर सिंक्लेअरची १९८२ सालची ओळ दिसायची आशा धरायची. सरांचा आणखी एक नियम होता: वैशाखात दुपारी बारा ते चार स्पेक्ट्रम लावायचा नाही. आतला ७८०५ रेग्युलेटर एरवीच तव्यासारखा तापतो.

संध्याकाळी फ्लॉप्या बघितल्या. सव्वापाच इंची, ३६० केबीच्या, डॉसच्या. त्यांच्या एका पीसीत सी-डॅकचं जिस्ट कार्ड (भारतीय लिप्या दाखवणारं) होतं, त्यामुळं बराच मजकूर मराठीत. फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालण्याआधी खिडकीतून चकती बोटानं फिरवून बघायची. पांढुरके ठिपके दिसले तर ती बाजूला, कारण एक घाण फ्लॉपी हेड खराब करते आणि ते हेड पुढच्या दहा फ्लॉप्या खरवडतं. १.२ एमबीच्या ड्राइव्हमध्ये वाचताना हेड दोन-दोन पावलं टाकतं का ते तपासायचं, ४० ट्रॅकची फ्लॉपी ८० ट्रॅकच्या ड्राइव्हमध्ये आहे हे विसरलं की सगळ्या फ्लॉप्या मेल्यासारख्या वाटतात. मी ग्रीझवीझल, म्हणजे जुने फ्लॉपी ड्राइव्ह यूएसबीला जोडणारा छोटा बोर्ड, नेला होता. त्यानं आधी कच्चे सिग्नलच उतरवून घ्यावेत, अर्थ नंतर लावता येतो. जिस्टच्या फायली आजच्या संगणकावर उघडल्या की चित्रविचित्र अक्षरं दिसतात, घाबरू नये. तो इस्की आहे, भारतीय लिप्यांसाठीचा युनिकोडआधीचा अक्षरसंकेत; विंडोजमध्ये ५७००२ नंबरचं कोडपेज. हेक्स आकड्यांत बी-३ म्हणजे क, ई-८ म्हणजे हलन्त, एवढं जुळलं की उरलेलं आपोआप युनिकोडमध्ये येतं. फाँटवाल्या पॅकेजांत टाइप केलेला मजकूर मात्र असा सुटत नाही, त्याला त्या त्या फाँटचा तक्ता लागतो.

पहिली फाइल उघडली ती ज्वारीच्या पोत्यांची आणि सालगड्याच्या उचलीची. काकू चष्मा लावून वाचत बसल्या. "हे तर माझ्या वहीत हाय की," म्हणाल्या, "मला वाटायचं त्या खोलीत काय करायलेत रात्र रात्र." मग आत जाऊन पिठलं-भाकरी टाकायला लागल्या. नको म्हणून उपयोग नसतो. परभणीत पाहुण्याची भूक पाहुण्याला विचारत नाहीत.

वाटणीचा विषय निघाला, तो मुलानं नाही, आमच्यातल्या दोघांनी काढला. दोघंही मोठ्या रिकाम्या पिशव्या घेऊन आले होते. मला राग आला आणि मी तो बोलून दाखवला: दहाव्याला मशीनं उचलायची नसतात. आधी प्रत्येकाचा वरून, खालून आणि आतून असे तीन फोटो, मग यादी, यादी घरच्यांकडं, आणि महिना-दोन महिन्यांनी त्यांनी बोलावलं तरच यायचं. कुठलंही यंत्र चालू न करता फोटो निघतात, त्यामुळं आणखी धूर होत नाही. बोलून झाल्यावर लक्षात आलं, माझ्याही सॅकमध्ये एका स्पेक्ट्रमपुरती जागा मोकळी ठेवलेली होती, आणि ती काही कपड्यांसाठी ठेवलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत फोटोच काढले. एकोणीस यंत्रं. पट्ट्यांवरचा मजकूर कागदावर उतरवला, कार्डं करून प्रत्येक प्लगला बांधली. धूर झालेल्या मायक्रोचा सप्लाय काढून वेगळा ठेवला. त्याच्या दुसऱ्या दिवशी परतीला तपोवन मिळाली. दिवसाची गाडी, जालन्यापर्यंत उभं राहून.

घरी सॅक उपसली तर तळाशी सरांचा स्पेक्ट्रमचा अ‍ॅडॉप्टर. वायरीला लाल पट्टी, पट्टीवर "आत उणे". फोटो काढताना ग्रीझवीझलच्या वायरींबरोबर गुंडाळला गेला असणार. लगेच पुतण्याला फोन करून सांगितलं, सोमवारी कुरिअर करतो, तो मिळेपर्यंत स्पेक्ट्रमला दुसरा कुठलाच लावू नकोस. तो म्हणाला, "न्हाई लावत. आता आधी उलटं करून बघतो."