त्र्यंबकेश्वर टाइप करून बघा, मग फॉन्ट निवडा

जाड, कोनदार फॉन्ट मला मनापासून आवडतात. ढोल पथकाचा बॅनर असो, नाटकाचं पोस्टर असो, मुंबई नाक्यावरून गाडीत जाताना वाचायची पाटी असो, दोन-तीन शब्दांत माणसाची नजर खेचायची असेल तर असलाच फॉन्ट पाहिजे. पण निवडताना लोक इंग्रजी सँपल बघतात, भारी दिसतंय म्हणतात आणि मराठी मजकूर त्यात ओततात.

इंग्रजीचं तसं सोपं असतं हो. जर्मनीत रुडॉल्फ कोख या टाइप डिझायनरने १९२३ साली नॉइलंड नावाचा असाच जाड, कोनदार फॉन्ट केला, आधी ड्रॉइंग न काढता थेट धातूत कोरला, त्यामुळे प्रत्येक साइजमध्ये अक्षरं जराशी वेगळी आली आणि तीच त्याची मजा आहे! पण त्यात फक्त कॅपिटल अक्षरं, म्हणजे सगळ्यांची उंची जवळपास सारखी. आपल्याकडे वर मात्रा, वेलांटी, रफार, टिंब, खाली उकार, मधे जोडाक्षरं.

म्हणून माझी टेस्ट ठरलेली, 'त्र्यंबकेश्वर' टाइप करायचं. सुरुवातीलाच तीन व्यंजनं एकात एक आणि डोक्यावर टिंब, मग ब, मग क च्या दोन पोकळ्या, वर मात्रा, पुढे श्व. जाडी वाढवताना डिझायनरने आतल्या रेघा आणि गाठी बारीक केल्या नसतील तर ब च्या पोटातली तिरकी रेघ बुजते आणि ब आणि व मधला फरकच जातो, फ्लेक्सवर तर लांबून नुसते ठोकळे दिसतात. शिवाय श मराठी वळणाचा हवा, हिंदी नको. चांगल्या फॉन्टमध्ये तो असतो, फक्त सॉफ्टवेअरमध्ये भाषा मराठी निवडावी लागते आणि हे बऱ्याच जणांना कोणी सांगितलेलंच नसतं.

कोन आपल्या अक्षरांना परके नाहीत हां. बोरूचं टोकच तिरकं छाटलेलं असतं, त्यामुळे रेघेचं टोक तिरकं येणं हे मुळातलंच आहे. ते सोडून ळ आणि ठ चे गोल कसेही चौकोनी कापले की अक्षर मरतं.

फुकटात हवा असेल तर इंडियन टाइप फाउंड्रीचा टेको बघा, गूगल फॉन्ट्सवर आहे, चौकोनी वळणाचा, उभट, लाइटपासून बोल्डपर्यंत पाच वजनांत, म्हणजे पाच जाडींत, लांब नाव कमी जागेत बसतं. फक्त कृपा करून तो आडवा ताणू नका, ताणला की उभे दांडे जाड होतात, शिरोरेषा तेवढीच राहते आणि सगळा तोल जातो. आउटलाइन देऊन अजून जाड करणं तर त्याहून वाईट, पोकळ्या तिथेच संपतात. आणि दोन ओळी असतील तर मधे भरपूर जागा सोडा, नाहीतर वरचा उकार खालच्या मात्रेला भिडतो.

पत्ता, वेळ, फोन नंबर मी मुक्ता नावाच्या साध्या फॉन्टमध्येच टाकतो.