सिंडेलफिंगनची कॅब्रिओले
आज स्टुटगार्टच्या रेट्रो क्लासिक्स या जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात एका गाडीपाशीच खिळून राहिलो. मर्सिडीज २८० एसई ३.५ कॅब्रिओले (म्हणजे छप्पर मागे दुमडता येणारी), १९७१ची, संग्राहकांसाठी विक्रीला ठेवलेली. १९६९ ते १९७१ या काळात अशा जेमतेम १,२३२ गाड्या बनल्या, त्याही इथून जवळच, सिंडेलफिंगनच्या कारखान्यात. मर्सिडीजचा डिझायनर पॉल ब्राक याने आखलेली ती लांबसडक बाजू कितीही बघितली तरी मन भरत नाही.

विकणाऱ्या आजोबांनी छप्पर हातानेच मागे दुमडून दाखवलं. आतून जाड अस्तर, शिवण एकसारखी. बॉनेटखाली साडेतीन लिटरचं व्ही-८ इंजिन, २०० अश्वशक्ती, आणि त्या काळात बॉशचं इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन, म्हणजे इंजिनात मोजून पेट्रोल फवारणारी यंत्रणा! मला मात्र वेड लावलं डॅशबोर्डच्या लाकडाने. कडेला पॉलिशवर केसासारखे बारीक तडे होते, ते कुणी बुजवले नव्हते. फार बरं वाटलं. जुन्या गाडीला नवीकोरी करायचा हट्ट मला पटतच नाही.

एक गिऱ्हाईक टॉर्च घेऊन थेट गाडीखाली शिरलं, गंज शोधायला. जाणकार माणूस!

ज्याची होईल त्याने ती रस्त्यावर काढावी एवढंच मागणं. नुसती उभी ठेवली तर रबरी सील सुकतात, टाकीतलं पेट्रोल खराब होतं, आणि हे इंजिन तर धावण्यासाठीच बनलंय.